पाहिल्यावाचूनचा विश्वास म्हणजे डोळे मिटणे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रद्धा-अंधश्रद्धेविषयी आपल्या दैनिकात चाललेल्या पत्रव्यवहारात एका वाचकाने लिहिले आहे की, ख्रिस्ती धर्मात पुरावा मागणे हेच पाप समजले जाते आणि म्हणूनच येशूने आपल्या थोमा या शिष्याला झिडकारले. मी वसईची, जन्माने आणि मनानेही ख्रिस्ती आहे. ही समजूत बाहेरच्यांइतकीच आमच्या माणसांतही पक्की बसलेली आहे, म्हणून हे पत्र.

थोमाची ही हकिकत बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूचरित्राच्या, २०व्या अध्यायात आहे आणि ईस्टरनंतरच्या रविवारी ती दरवर्षी आमच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाचली जाते. पुनरुत्थित, म्हणजे क्रूसावरील मरणानंतर पुन्हा उठलेला, येशू शिष्यांना प्रथम भेटला, तेव्हा थोमा त्यांच्यात नव्हता. नंतर इतरांनी त्याला सांगितले, तर तो म्हणाला की, खिळ्यांचे व्रण पाहून त्यांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणारच नाही. तेवढ्यावरून त्याला ‘संशयी’ हे विशेषण कायमचे चिकटले. पण रिकामी कबर पाहून आलेल्या स्त्रियांचे बोलणे बाकीच्या शिष्यांना तरी कुठे पटले होते? दुसरा शुभवर्तमानकार लूक स्पष्टच लिहितो की, त्यांना ती वायफळ बडबड वाटली. इतरांना जे न मागता मिळाले, तेच थोमाने मागितले, इतकेच. शिवाय हा तोच थोमा, जो, येशूचा मित्र लाजर मेल्यावर येशूला यहूदिया प्रांतात परतणे जिवावरचे होते तेव्हा, सोबत्यांना म्हणाला होता, चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. अशा माणसाला अश्रद्ध म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आठ दिवसांनी येशू पुन्हा आला आणि त्याने थोमाला हाकलले नाही, आपला हातच त्याच्यापुढे धरला. चित्रकार काराव्हाज्जिओने १६०२च्या सुमारास रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रात थोमाचे बोट जखमेत खोल गेलेले दिसते, पण शुभवर्तमानात त्याने स्पर्श केल्याचा उल्लेखच नाही. तिथे फक्त ‘माझा प्रभू व माझा देव!’ एवढेच त्याचे शब्द आहेत. त्यानंतर येशू म्हणतो, ‘पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे ते धन्य.’ हे वाक्य दटावणीच्या सुरात वाचण्याची आपल्याला सवय लागली आहे. योहान ज्यांच्यासाठी लिहीत होता, त्यांतल्या बहुतेकांना येशूला पाहण्याची संधी कधी मिळालीच नव्हती, हे ध्यानात घेतले की तेच वाक्य धीर देणारे वाटू लागते.

आता आमच्या बाजूची चूक. २०१२च्या मार्चमध्ये मुंबईत विलेपार्ल्याजवळच्या इर्ला येथील वेलंकनी मातेच्या चर्चमध्ये क्रूसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि भाविकांची रीघ लागली. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जागेची पाहणी करून सांगितले की, तुंबलेल्या सांडपाण्याचा ओलावा भिंतीतून वर चढून क्रूसापर्यंत झिरपतो आहे. यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या, कलम २९५-अ खालच्या तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी त्यांना देश सोडून फिनलंडला जावे लागले. त्यांनी चर्चवर केलेली टीका मला सगळी मान्य नाही. पण भिंतीतल्या ओलाव्याचे कारण सांगणाऱ्याने माझ्या विश्वासाचे काय बिघडवले, हे मला आजवर कोणी समजावून देऊ शकलेले नाही. उलट ते पाणी देवानेच पाठवले असा हट्ट धरणारे आम्हीच थोमाची अट पुन्हा घालत होतो, आणि त्याच्याइतकी प्रामाणिक कबुलीही आमच्याजवळ नव्हती. स्वतः ख्रिस्तसभा, म्हणजे कॅथलिक चर्च, याबाबत किती सावध आहे पाहा: मरियामातेच्या १८५८मधल्या दर्शनांनंतर फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदवले गेले, त्यांची डॉक्टरांकडून कसून तपासणी होते, आणि चमत्कार म्हणून मान्य झालेले जेमतेम सत्तरच्या आसपास आहेत. तेही कोणत्याही कॅथलिकाने मानलेच पाहिजेत असे बंधन नाही.

चमत्काराची ही ओढ निरुपद्रवी नसते, हे मी घरातच पाहिले आहे. माझे वडील पोटाच्या कर्करोगाने आजारी होते, तेव्हा आईने लागोपाठ तीन नोवेना, म्हणजे नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना, केल्या, वडील गेले. अंत्यविधीनंतर भेटायला आलेल्या, एका प्रार्थनागटात जाणाऱ्या बाई आईला म्हणाल्या, ‘तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडला.’ आईने त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला, बोलली काहीच नाही. त्या संध्याकाळी सात वाजता तिने नेहमीप्रमाणे घरातल्या वेदीखालच्या खणातून रोझरीची, म्हणजे जपाची, माळ काढली. त्या माळेचा एक मणी फुटलेला होता आणि त्याच्या जागी वडिलांनी जाड दोऱ्याची गाठ मारून दिली होती. गाठ बोटाखाली आली तशी ती थांबली, बराच वेळ थांबली, आणि मग ‘नमो मरिये’ ही प्रार्थना पुढे सुरू झाली. जे मागितले ते मिळाले नव्हते, ते का मिळाले नाही याचे उत्तरही नव्हते. पाहिल्यावाचून विश्वास ठेवणे म्हणजे काय, हे मला कोणत्याही प्रवचनापेक्षा त्या थांबण्यातून अधिक समजले. पुढे २००७ साली मदर तेरेसांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली आणि अनेक दशके त्यांना देवाची जवळीक जाणवतच नव्हती हे वाचून पुष्कळांना धक्का बसला, तेव्हा मला मात्र आईच आठवली.

म्हणून माझी विनंती आमच्याच धर्मग्रामांना, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समाजांना, आहे. पुन्हा कुठे मूर्तीतून पाणी किंवा तेल पाझरल्याची बातमी आली, तर तपासायला येणाऱ्याला दार उघडून द्यावे, त्याच्याबरोबर भिंतीमागे जाऊन पाहावे आणि जे सापडेल ते पुढच्या रविवारच्या मिस्सामध्ये वेदीवरूनच जाहीर करावे. आणि आजाऱ्याच्या घरी भेटीला जाणाऱ्यांनी तिथल्या माणसांचा विश्वास मोजू नये.

आपली नम्र,
एक वाचक, वसई