कॅसेटींचीही दाखल नोंदवही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत छंदांविषयी जे लेखन येते, त्यात टपाल तिकिटे, नाणी, काड्यापेट्यांची वेष्टने आणि जुनी घड्याळे यांना हक्काची जागा असते. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी जमवणारी मंडळी मात्र त्या पंगतीत अजून बसलेली दिसत नाहीत. त्यांच्यापैकी एकाची आई या नात्याने हे पत्र लिहीत आहे. आपल्या संग्रहाची यादी या मंडळींनी स्वतःच्या हाती, कोणत्याही मोबाइलवर आणि कोणत्याही संगणकावर उघडेल अशा साध्या रूपात ठेवावी आणि ती एखाद्या अ‍ॅपच्या भरवशावर सोडू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले आहे. मुलगा नोकरीनिमित्त योकोहामाला असतो आणि त्याचा संग्रह पुण्यात, माझ्या घरातल्या दोन लोखंडी कपाटांत आहे. साडेतीनशेच्या वर कॅसेटी, सात यंत्रे आणि अडॅप्टर व वायरींचा एक स्वतंत्र गुंता असा तो पसारा आहे. (या खेळांच्या प्लॅस्टिकच्या डबीला बाहेर कार्ट्रिज म्हणत असतील, आपल्याकडे, आत फीत नसूनही, ती कॅसेटच.) जुन्या बाजारातून बुधवारी आणि रविवारी आणलेला माल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला माल आणि अलीकडे टोकियोच्या अकिहाबारा बाजारातून सुट्टीच्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून आलेला माल, सगळे एकत्र आहे.

या सगळ्याची नोंद तो अनेक वर्षे एका मोबाइल अ‍ॅपवर ठेवत असे. कॅसेटीच्या डब्यावरचा बारकोड कॅमेऱ्यासमोर धरला की नाव, चित्र, साल सारे आपोआप भरले जाई आणि ते पाहून मलाही कौतुक वाटत असे. मग एके दिवशी ते चालवणाऱ्या कंपनीने सेवा बंद करत असल्याचे पत्र पाठवले. नोंदी उतरवून घ्यायला मुदत दिली होती, पण हाती जे आले त्यात खेळांची नावे तेवढी होती. कुठून घेतली, किती रुपयांना, चालते की नाही, कोणत्या खोक्यात आहे, हे त्याने मराठीत लिहिलेले सगळे शेरे प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन आले.

त्याची किंमत पुढच्याच महिन्यात कळली. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. तिकडे दुकाने रात्री आठला बंद होऊ लागतात, तेव्हा माझ्याकडे दुपारच्या चहाची वेळ असते. अशाच एका दुपारी फोन आला, “आई, ‘ग्रेडियस’ आपल्याकडे आहे का गं? नुसती कॅसेट, डबा नाही. दुकान बंद व्हायला दहाच मिनिटं आहेत.” कानाशी फोन धरून मी खोके उपसले, पाचव्या खोक्यापर्यंत पोहोचेस्तोवर दहा मिनिटे संपली आणि त्याने ती घेऊन टाकली. नंतर सावकाश पाहिले, तेव्हा नवव्या खोक्यात ‘ग्रेडियस’च्या दोन कॅसेटी एकमेकींना टेकून ठेवलेल्या निघाल्या.

हा प्रश्न ग्रंथालयांना नवा नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांच्या पुढाकाराने १९६०च्या दशकात ‘मार्क’ ही नोंदपद्धती आखली गेली, ती एका ग्रंथालयाची नोंद दुसऱ्याच्या संगणकाला जशीच्या तशी वाचता यावी म्हणूनच. त्यातून पुढे आयएसओ २७०९ हे देवाणघेवाणीचे प्रमाण ठरले. युनेस्कोने विनामूल्य दिलेली सीडीएस/आयसिस ही नोंदी ठेवायची संगणक प्रणाली आपल्याकडच्या कितीतरी ग्रंथालयांनी वापरली. पुढे ती मागे पडली, पण नोंदी याच प्रमाणानुसार बाहेर काढता येत असल्याने त्या ‘कोहा’सारख्या नव्या प्रणालीत नेता आल्या. प्रणाली येतात आणि जातात, नोंद मात्र राहिली पाहिजे, हे आम्ही गृहीतच धरत असू. म्हणून नवे अ‍ॅप घेताना त्यात काय काय भरता येते याआधी त्यातून काय काय बाहेर काढता येते हे विचारावे आणि पाच-दहा नोंदी भरून लगेच बाहेर काढून पाहाव्यात. तीनशे भरल्यावर ही परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

मुलगा दिवाळीला आला तेव्हा ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक जिच्यात क्रमांक देऊन नोंदतात तशी कॅसेटींची दाखल नोंदवही आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून केली. दाखल क्रमांक एकदा दिला की तो त्या वस्तूचाच. कॅसेट विकली, हरवली किंवा कुणी नेली ती नेलीच, तरी नोंद खोडायची नाही, कारण लिहायचे आणि तो क्रमांक दुसऱ्या कशालाही द्यायचा नाही. क्रमांक कॅसेटीवर चिकटवायचा नाही, ती ठेवलेल्या पिशवीत कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायचा, कारण चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांनी मूळ लेबल घेऊन निघतो. नावाशेजारी यंत्र, देश आणि निर्मात्याचा कोड हवा. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राच्या कॅसेटीवर ‘एचव्हीसी’ने, तर गेमबॉयच्या कॅसेटीवर ‘डीएमजी’ने सुरू होणारा कोड असतो आणि एकाच नावाच्या दोन वेगळ्या कॅसेटी ओळखायला तोच उपयोगी पडतो. फॅमिकॉमच्या कॅसेटीला ६० पिना, त्याच्या अमेरिकी भावंडाच्या, म्हणजे एनईएस यंत्राच्या, कॅसेटीला ७२. नाव एकच, पण एकीच्या यंत्रात दुसरी बसत नाही.

यंत्रांच्या नोंदीत विजेचा तपशील हवाच. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट असतात, हे ज्याला माहीत असते तो नेमका घरी नसतो. आमच्याकडे एक अडॅप्टर असाच गेला. आता त्या रकान्यात तांबड्या अक्षरांत तसे लिहिले आहे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो शेऱ्याच्या रकान्यात, आणि खरी गंमत तिथेच आहे. १९९९ साली जपानमध्ये निघालेल्या ‘पोकेमॉन गोल्ड’च्या कॅसेटीत एक घड्याळ सतत चालू असते आणि ते आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते. खेळणाऱ्याने जपून ठेवलेला खेळही त्याच बॅटरीवर तग धरून असतो. बॅटरी संपली किंवा बदलायला काढली की तो पुसला जातो. मुलाने आणलेल्या एका वापरलेल्या कॅसेटीत कुणा जपानी मुलाचा अर्ध्यावर सोडलेला खेळ त्याच्या नावासकट अजून जिवंत आहे. दुसऱ्या एका कॅसेटीच्या पाठीवर मार्करने लिहिलेले नाव कुणीतरी पुसायचा प्रयत्न केला आहे, पण उजेडात तिरपी धरली की अक्षरे दिसतात. कोणत्याही तयार अ‍ॅपच्या रकान्यात यासाठी जागा नव्हती. आमच्या वहीत “बॅटरी काढू नये, आत खेळ आहे” असे लिहिले आहे.

पण माझ्या मते नोंदीची खरी निकड आपल्या देशी कॅसेटींना आहे. फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आले. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात घरोघर पोहोचली ती बहुतेक त्याची नक्कल केलेली यंत्रे; मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर ही नावे आज चाळिशीत असलेल्या वाचकांना आठवतील. कॅसेट बसेना की तिच्या पिनांवर फुंकर मारायची, हे शास्त्र त्याच काळातले. या यंत्रांबरोबर येणाऱ्या पिवळ्या-निळ्या कॅसेटींना बारकोड नाही, निर्मात्याचा पत्ता नाही, साल नाही. परदेशी अ‍ॅपसमोर ती धरली तर ते अ‍ॅप मुकाट राहते.

आमच्याकडच्या दाखल क्रमांक ०२१७चेच घ्या. लेबलवर ‘९९९९९९९ इन १’, म्हणजे एका कॅसेटीत एवढे खेळ, असे छापले आहे आणि चित्र आहे मोटारसायकलस्वाराचे. आत मोटारसायकलचा एकही खेळ नाही. यंत्रात घालून आम्ही पडद्यावरच्या यादीची एकेक ओळ उघडून पाहिली. दोन संध्याकाळी गेल्या. वेगवेगळ्या नावांखाली तेच तेच खेळ, कुठे ‘मारिओ’ थेट पुढच्या टप्प्यावर सुरू होतो, कुठे ‘कॉन्ट्रा’त जादा जीव मिळतात, एवढाच फरक. खरोखर वेगळे खेळ निघाले फक्त सहा. डबी उघडली, तर मूळ कॅसेटीत असते तशी पाय असलेली चिप नव्हती, पाटीवर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका होता. हे सगळे नोंदीत आहे, ‘परवान्याविना केलेली नक्कल’ या शब्दांसह, कारण वहीत खोटे लिहायचे नसते. आणखी एक रकाना मी हट्टाने ठेवून घेतला: ‘आम्ही काय म्हणत होतो’. नामकोचा १९८५चा ‘बॅटल सिटी’ आमच्या इमारतीतल्या मुलांना त्या नावाने कधीच ठाऊक नव्हता, तो ‘रणगाड्यांचा गेम’. ‘रोड फायटर’ हा ‘गाड्यांचा’. उद्या कुणी शोधायला आला, तर बहुधा याच नावाने शोधील.

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत, तिथे २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत, असे आढळले. ही गोष्ट जिथे कंपन्या, परवाने आणि कागदपत्रे शाबूत आहेत त्या देशाची. आपल्याकडच्या ‘इन १’ कॅसेटी तर कुणाच्याच कागदोपत्री नाहीत. कुणाच्या माळ्यावर काय आहे आणि त्यात खरोखर काय आहे, हे घरच्या माणसाने लिहिले नाही तर कुणीही लिहिणार नाही आणि भंगारवाला ती प्लॅस्टिकच्या भावाने घेऊन जाईल.

आता ही वही ठेवायची कशी. आमची नोंद म्हणजे साधी स्वल्पविरामांनी तोडलेली मजकुराची फाइल आहे, जिला सीएसव्ही म्हणतात. साडेतीनशे नोंदी मिळून ती मोबाइलवर काढलेल्या एका फोटोहून लहान भरते. ती ‘यूटीएफ-८’ या संकेतात जतन केली की देवनागरी शाबूत राहते. आधीचे शेरे प्रश्नचिन्हे झाले, ते तसे न केल्यामुळे. एक्सेलपासून मात्र जपावे. फाइल डबल क्लिक करून थेट उघडली की ते तेरा आकड्यांचा बारकोड ही मोठी संख्या समजून त्याला ‘४.९ई+१२’ असे काहीतरी करून टाकते, अमेरिकी बारकोडच्या सुरुवातीचे शून्य गिळते आणि कॅपकॉमच्या ‘१९४२’ या विमानांच्या खेळाचे नाव आकडा समजून यादीच्या डोक्यावर नेऊन बसवते. फाइल आत घेताना सर्व रकाने ‘मजकूर’ म्हणून निवडले की हा त्रास टळतो. छायाचित्रे फाइलमध्ये न घालता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावीत आणि त्यांना दाखल क्रमांकाचेच नाव द्यावे.

या फाइलची एक प्रत त्याच्याकडे, एक माझ्याकडे आणि एक छापील प्रत वर तारीख घालून कपाटाच्या आत टांगलेली असते. बाजारात न्यायच्या मोबाइलमधल्या प्रतीतून आम्ही किमतीचा आणि कपाटाचा रकाना काढून टाकला आहे, कारण मोबाइल हरवतात आणि विक्रेते डोकावतात. तयार अ‍ॅपांशी माझे भांडण नाही. बारकोड वाचायला आणि नाव पडताळायला ती खुशाल वापरावीत, १९९९पासून चालू असलेल्या मोबीगेम्ससारख्या संकेतस्थळावर मलाही कित्येक सालांचा उलगडा झाला. पण तिथे भरलेली नोंद ही नक्कल आणि आपली फाइल ही मूळ, असा क्रम असावा.

गेल्या आठवड्यात पुन्हा साडेचारला फोन वाजला. या वेळी विचारायला नव्हता. फाइल त्याच्या खिशातच होती. “आई, तीनशे अडुसष्ट लिही. सही तुझी घाल.”

आपल्या वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर अशी ‘इन १’ कॅसेट आणि ती चालवणारे यंत्र अजून असेल, तर त्यांनी पडद्यावरची यादी शेवटच्या ओळीपर्यंत उघडून, खरोखर वेगळे खेळ किती निघतात तेवढे तरी कागदावर उतरवून ठेवावे, आणि अशा नोंदी छापायला आपल्या पुरवणीत अधूनमधून चार ओळींची जागा मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल, पुणे