भरावाखाली तिवरांची मुळे गुदमरतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खाडीकाठी भराव टाकताना कुऱ्हाड चालवली नाही म्हणजे तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, वाचली, असा समज कोकणात सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. खाडीच्या चिखलात थोडे खाली गेले की प्राणवायू जवळजवळ नसतोच. म्हणून तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी चिखलातून वर येतात. त्यांच्यावरील बारीक छिद्रांतून ओहोटीच्या वेळी हवा आत शिरते आणि सच्छिद्र ऊतींमधून जमिनीखालच्या मुळांपर्यंत पोहोचते. या मुळांची उंची साधारण वीतभर, म्हणजे तेवढाच मातीचा किंवा डबराचा थर झाड मारायला पुरतो. पाने लगेच गळत नाहीत, त्यामुळे नुकसान उशिरा लक्षात येते. बांध घालून पाणी साचवले तरी परिणाम तोच, कारण छिद्रे सतत बुडालेली राहतात. २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य खारफुटी वृक्ष ठरलेल्या पांढऱ्या चिपीलाही अशीच श्वसनमुळे असतात.

म्हणून खाडीतील रस्त्याखाली भरती-ओहोटी मोकळी राहील एवढ्या रुंद मोऱ्या हव्यातच, आणि पडलेला डबर झाड हिरवे असतानाच हाताने उचलायला हवा. यंत्राने मुळे तुटतात.

लागवडीतही घाई नको. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडाचे बी झाडावरच रुजते. त्याचा पक्व, न किडलेला लांब कोंब घ्यावा, कळी वर ठेवून खालचा एक तृतीयांश भाग चिखलात रोवावा. उथळ रोवला तर भरती वाहून नेते.

आपला,
एक वनस्पती अभ्यासक, रत्नागिरी