शेवाळाच्या पिशव्या : सभासद व हितचिंतकांना आवाहन

स. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे, पाल्हाळ झाल्यास क्षमस्व. हवेतल्या धातूंचा माग काढायला टांगलेल्या शेवाळाच्या, दुसऱ्या फेरीच्या पिशव्या उतरवल्या. नमुने वाळवून कागदी पाकिटांत घातले, आणि तपासणीच्या पैशांवाचून ते मंडळाच्या कपाटात पडून आहेत. धातू कुजत नाहीत, एवढेच नशीब.

पहिली फेरी पार पडली ती माणसांच्या जिवावर. नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या महिला सभासदांनी रात्री जागून शिवल्या. शेवाळ निवडायला मुले बसली. निवृत्त रसायनशास्त्राच्या बाईंनी प्लॅस्टिकचे हातमोजे घालूनच शेवाळ हाताळायचे, लोखंडी चिमटा वापरायचा नाही, ही शिस्त आम्हा थोराड मंडळींनाही लावली. तपासणीचा सगळा खर्च ज्या गृहस्थांनी उचलला, त्यांनी नाव छापू नये अशी अट घातली आहे. ती मोडण्याचा मोह आजही होतो. त्या फेरीत वर्दळीच्या चौकातल्या पिशव्यांत तांबे आणि जस्त जास्त निघाले. तांबे बहुधा ब्रेकच्या झिजेचे, जस्त टायरचे. बंद पेटीत ठेवलेल्या, न टांगलेल्या शेवाळाच्या पिशवीशी ताडून पाहिले म्हणून जास्त निघाले हे छातीठोकपणे सांगतो.

तरी मागच्या आवाहनाला उत्तरे आली ती बोटांवर मोजण्याइतकी. "शेवाळ टांगून कुठे हवा कळते का?" हेही ऐकले. कळते! या शेवाळाला (पाण्यातले नव्हे, भिंतीवरचे मखमली, शास्त्रात मॉस) खरी मुळे नसतात. पाऊस आणि धूळ जे आणून टाकेल त्यावरच त्याची गुजराण, म्हणून शिसे, कॅडमियम हे विषारी धातूही त्यात साठतात. स्वीडनमध्ये रूलिंग आणि टायलर या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाअखेर हेच वापरले. १९९० पासून युरोपात दर पाच वर्षांनी अशी पाहणी होते. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात झाडांवरच्या शेवाळाच्या ३४६ नमुन्यांनी रंगीत काचेच्या कारखान्यांजवळचे कॅडमियम दाखवून दिले, २०१६ साली ते जाहीर झाले. हवेत नेमके किती, हे शेवाळ सांगत नाही. कुठे जास्त, ते सांगते. महागडे यंत्र कुठे बसवायचे ते त्यावरून ठरवता येते.

एका घराने एका पाकिटाच्या तपासणीचा खर्च उचलावा. रोख वा धनादेश, पावती लगेच. प्रयोगशाळेतली वेळ महिनाअखेरपर्यंतच राखली आहे. पुढच्या फेरीला गच्ची, शिडी, सहा आठवडे पिशवीला हात न लावणारे शेजारी हवेत (मागे दोन पिशव्या कुणीतरी जळमटे समजून फेकल्या). नावे कार्यालयात, संध्याकाळी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चिटणीस