जर्मनीतल्या ड्रेस्डेनहून पत्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणखाण, झोप फोनवर कळतंच, ते पुन्हा लिहीत नाही.

आई, “लहरींच्या यंत्रापाशी दिवसभर बसतेस” म्हणालीस. अगं, ट्रान्झिस्टर मोजायला मी ज्या लहरी सोडते त्यांची शक्ती मायक्रोवॅटमध्ये, म्हणजे वॅटच्या दहा लाखाव्या भागांत, मोजायची असते आणि केबलमधून सुईवाटे थेट सिलिकॉनच्या चकतीवर उतरते. तुझ्या मोबाइलमधून याच्या हजारो पट बाहेर पडते. माझ्या तब्येतीला काहीही होत नाहीये.

बाबा, चिप बनवणारे कारखाने असताना मॉडेल, म्हणजे ट्रान्झिस्टर कसा वागेल ते सांगणारी समीकरणं, कशाला, असं विचारलंत. चिप घडवण्याआधी डिझायनर सर्किट संगणकावर चालवून बघतो. तिथे ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे चिपमधल्या विजेच्या इवल्या बटणाच्या, जागी आमची समीकरणं असतात. ती चुकली तर कोट्यवधींचे मास्क, म्हणजे चिपवर नक्षी उमटवायचे साचे, वाया जातात. 22 नॅनोमीटरचा ट्रान्झिस्टर 110 गीगाहर्ट्झच्या वारंवारतेला नेला की गेटचा (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या टोकाचा) स्वतःचा रोध, शेजारच्या तारांची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता), सगळंच हिशेबात धरावं लागतं. गेट आखूड केलं की वेग वाढतो, पण त्याचा रोधही वाढतो आणि वरच्या वारंवारतेला पॉवर वाढवण्याची ताकद मार खाते. त्यात सुया टेकवायच्या पॅडची धारिता ट्रान्झिस्टरपेक्षा जास्त! म्हणून शेजारीच ट्रान्झिस्टर नसलेले रिकामे पॅड बनवलेले असतात. ते मोजून वजा करतो. तुम्ही हळदीच्या पोत्यातून बारदान वजा करता तसंच, फक्त इथे बारदानच मालाहून जड. मोजमाप आणि मॉडेल यांच्या रेषा एकमेकींवर बसल्या की आधी तुम्हाला फोन करावासा वाटतो.

इथली एक रीत मात्र अजून उमगत नाही. ऐन हिवाळ्यात, बाहेर बर्फ असताना, लोक हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडतात. पाच-दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. किलकिली ठेवून चालत नाही, पूर्णच उघडायची. भिंतींना बुरशी धरू नये म्हणून हे भाडेकरारातसुद्धा लिहिलेलं असतं. शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या की आधी खिडक्यांची चौकशी करतात, मग माझी. मी स्वेटर घालूनच उघडते, आई. सर्दी त्याने झाली नव्हती.

परत आल्यावर काम मिळेल का, ही काळजी नको. कानपूरच्या आयआयटीत वाढलेलं गॅलियम नायट्राइड या सिलिकॉनहून वेगळ्या पदार्थाच्या ट्रान्झिस्टरचं एक मॉडेल 2018 मध्ये जगभरच्या उद्योगाचं मानक झालं. आपल्याकडेही हे काम होतं.

पैसे पाठवलेत. त्यातून कर्जाचा हप्ता भरा, आणि बाबा, या वेळी चष्मा कराच. दादाच्या साखरपुड्याला मला जमत नाही. मोजणीच्या यंत्राची पाळी त्याच आठवड्यात आलीये. लग्नाला नक्की येते. वहिनीच्या साडीचे वेगळे पाठवते, तिला रंग विचारून ठेव. कोल्हापूरच्या स्थळाला सांगा, प्रबंध होईपर्यंत थांबावं. थांबणार नसतील तर नाही म्हणा. मावशीसमोर तुम्हालाच उत्तरं द्यावी लागतात, हे मला कळतं. तिला मी स्वतः फोन करीन.

पैसे जमा झाले की लगेच कळवा.

तुमची,
सायली