पाळी बदलताना विचारायचा प्रश्न

जळगाव,
७ डिसेंबर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र चार दिवसांपूर्वी मिळाले. सूतगिरणीत उत्पादनप्रमुख झाल्याबद्दल तुझे मनापासून अभिनंदन. मात्र रात्रपाळीचे सूत कमी निघते आणि तुटतेही जास्त, म्हणून विभागात कॅमेरे बसवायचे आणि जास्त उत्पादन देणाऱ्यास रोख बक्षीस लावायचे, हा तुझा बेत वाचून मी उत्तर लांबवले. यंत्रांची तपासणी झाली, कापूसही बदलून पाहिला, आता माणसेच कामचुकार आहेत असे तू लिहितोस. नेमका हाच निष्कर्ष मी सहा वर्षांपूर्वी काढला होता आणि तो मला महागात पडला. त्याविषयी तुला आजवर काहीच सांगितले नाही, कारण त्यात दोष माझा होता.

तेव्हा मी एमआयडीसीतल्या एका पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात पाळीप्रमुख होतो. मे महिना होता, बाहेर ४५ अंश तापमान होते आणि पीव्हीसी वितळवणाऱ्या मशीनच्या बॅरलजवळ उभे राहणे म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसण्यासारखे होते. तशात लाइट गेली आणि जनरेटर उशिरा सुरू झाला. गरम बॅरलमध्ये थांबून राहिलेले पीव्हीसी जळते, हे तुला वेगळे सांगायला नको. बॅरलमधला माल पुढे ढकलणारा स्क्रू बाहेर काढून साफ करण्यात तीन तास गेले. चूक जनरेटरची होती, पण मी सगळ्या पाळीसमोर ऑपरेटरला वाटेल ते बोललो. तो यावल तालुक्यातला, माझ्याहून वयाने मोठा आणि मोटरच्या आवाजावरून मशीनवरचा भार ओळखणारा माणूस. तो एक शब्द उलट बोलला नाही आणि मी त्यालाच शिस्त समजलो.

पुढचे दोन महिने माझ्या पाळीचे आकडे फारच सुंदर होते. स्क्रॅप, म्हणजे वाया जाणारा माल, घटला, तक्रारी थांबल्या. नंतर चोपड्याकडून निरोप आला की शेतात टाकलेले पाइप पाण्याच्या दाबाने फुटत आहेत, आणि दोन ट्रक माल परत आला. पाइपला आकार देणाऱ्या साच्याचे, म्हणजे डायचे, बोल्ट सैल होऊन पाइपची एक बाजू पातळ निघत होती. तो माल ज्या रात्री निघाला, त्या रात्रीचा तक्ता मी काढून पाहिला, तर जाडीचा दर तासाचा आकडा अगदी एकच होता, तोही एकाच शाईत आणि एकाच बैठकीत लिहिलेला. मी त्या ऑपरेटरला बाजूला घेऊन विचारले. तो अहिराणीत एवढेच म्हणाला, “भाऊ, माले मालूम व्हतं, पन तुमना भ्याव वाटस.” त्याला रात्री एक वाजताच कळले होते. लाइन थांबवली तर स्क्रॅप दिसेल आणि स्क्रॅप दिसले की पुन्हा चारचौघांत पाणउतारा होईल, म्हणून त्याने सकाळपर्यंत पाट्या टाकल्या. ज्याला कामाची नस कळत होती, त्याला पाट्या टाकणारा मीच बनवला होता.

मी त्याची माफी मागितली, आणि जिथे ओरडलो होतो तिथेच, सर्वांसमोर मागितली. सोपे गेले नाही. गणिताच्या पेपरातली चूकसुद्धा मी मास्तरांवर ढकलत असे, हे तुला आठवत असेलच. त्यानंतर पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांना दहा मिनिटे एकत्र थांबवायला लागलो आणि “किती निघाले?” याच्याऐवजी “काय बिघडले?” हे आधी विचारू लागलो. पहिले काही दिवस कोणीच बोलेना. मग एकाने हीटर अधूनमधून बंद पडतो असे सांगितले. तो मी त्याच दिवशी बदलून घेतला, आणि त्यानंतर माणसे बोलू लागली.

आता पुढचा भाग तू लक्षपूर्वक वाच, कारण तुझ्यावरही हीच वेळ येणार आहे. माणसे बोलू लागली तसे रजिस्टरवरचे स्क्रॅप वाढले आणि मालकांनी मला बोलावून जाब विचारला. पुष्कळ पुढे माझ्या वाचनात आले की एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंना रुग्णालयांतही असेच आढळले होते. औषधे देण्यातल्या चुकांचा अभ्यास त्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या गटांत परिचारिका आणि त्यांची प्रमुख यांचे संबंध चांगले होते, तिथेच चुकांची नोंद जास्त होती. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. मालकांना हे सांगायला तेव्हा माझ्याजवळ काही नव्हते. मी फक्त तीन महिन्यांची मुदत मागितली. त्या तीन महिन्यांत एकही ट्रक परत आला नाही.

बक्षिसाविषयी थोडक्यात लिहितो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ साली तारा जोडणाऱ्या १४ कामगारांचे निरीक्षण झाले होते. जास्त कामाला जास्त पैसे मिळत असूनही त्यांनी रोजचे काम आपसात ठरवून घेतले होते, आणि त्याहून जास्त काढणाऱ्याच्या दंडावर सोबतीच गुद्दा मारत. आज जास्त काढले तर उद्या तेवढेच मागतील, हा हिशेब आपल्याकडच्या जिनिंगमधल्या माणसालाही पाठ असतो.

तुला जास्त उपयोगी पडेल ते उदाहरण अहमदाबादच्या कॅलिको मिलचे आहे. तिथे स्वयंचलित माग आणूनही अपेक्षेइतके कापड निघत नव्हते. ए. के. राइस हे इंग्लंडमधल्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे अभ्यासक १९५३ साली तिथे आले. त्यांना दिसले की काम इतके तुकडे करून वाटले आहे की कोणता माग कोणाचा हे कोणीच सांगू शकत नाही. ठराविक मागांना ठराविक लहान गट, अशी कल्पना त्यांनी मांडली, आणि कामगारांनी आपले गट स्वतःच निवडले. घडी बसल्यावर उत्पादन वाढले व खराब कापड घटले. माग तेच होते आणि माणसेही तीच. तुझ्या सूत कातणाऱ्या रिंगफ्रेमवर आज कोण आणि उद्या कोण, हे रोज बदलत असेल तर आधी तिकडे पाहा.

अर्थात नुसत्या गोडीगुलाबीवर माझा विश्वास नाही. एकाच गावची सहा माणसे एका पाळीत आली की भाऊबंदकी मशीनवरही उतरते आणि एकाची गैरहजेरी दुसरा झाकतो. तेही मी भोगले आहे. कानबाईच्या रोटांच्या सणाला आमची अर्धी पाळी न सांगता गायब होत असे. ओरडून काही साधले नाही. मग बिहारच्या मुलांनी ते दोन दिवस सांभाळायचे आणि छठपूजेला आपल्या मुलांनी त्यांचे, असे त्यांनीच आपसात ठरवले. त्यानंतर रात्री मशीन अडले की एकमेकांना हाक मारणेही सुरू झाले, जे पूर्वी कधी होत नसे.

तेव्हा कॅमेऱ्यांची ऑर्डर अजून दिली नसशील तर महिनाभर थांब. एका रात्री बारा ते आठ तू स्वतः विभागात बस, वही न घेता. पाळी बदलताना कोणी काय सांगितले ते मला कळव. कोणीच काही बोलले नाही, तरी तेही कळव. भरिताची वांगी आता बाजारात चांगली येत आहेत. रविवारी आलास तर मळ्यातच काटक्यांवर भाजू आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खाऊ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश