बाबांनी नाही म्हटलं, म्हणून

केरेतारो, मेक्सिको

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, तू म्हणालीस की तालमीच्या फुटबॉल संघाची पोरं पुन्हा घरी आली होती, धाकट्या मुलांना फुटबॉल शिकवा म्हणून, आणि बाबांनी पुन्हा नाही म्हटलं. "मी कुठला मोठा खेळाडू!" फोनवर हा विषय काढला की बाबा फोन तुझ्याकडे देतात. म्हणून पत्र.

बाबा, इथे मिगेल एरेरा नावाचा एक माणूस आहे. सगळे त्याला ‘पिओहो’ म्हणतात, म्हणजे ऊ. (आई, हसू नकोस, प्रेमाचं नाव आहे.) अंगानं लहानखुरा, तुमच्यासारखाच बॅक, म्हणजे बचावपटू, आणि क्लबाक्लबांतून पाठीवर बिऱ्हाड. तेकोस, सान्तोस, मी राहते ते केरेतारो, मग अत्लान्ते, तोरोस नेसा. खेळाडू म्हणून मोठं यश एकच, अत्लान्तेबरोबर १९९२-९३ची मेक्सिकोची लीग. तिथे कोच होता रिकार्दो ला व्होल्पे. त्याचं म्हणणं, बॅकनं बॉल नुसता उडवून द्यायचा नाही, खेळ मागूनच बांधत आणायचा. शाहू स्टेडियमच्या कठड्याशी उभं राहून तुम्ही हेच ओरडायचात, "उडवू नका रे, पायात द्या!"

१९९३मध्ये तो देशाकडून खेळला. कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत मेक्सिको फायनलपर्यंत गेलं, वर्ल्ड कपच्या पात्रता सामन्यांतही तो होता. आणि १९९४च्या वर्ल्ड कपच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. स्वभाव तापट म्हणून कोचनं वगळलं, असं इथे सांगतात. देशाकडून एकूण १४ सामने, वर्ल्ड कपमध्ये एकही नाही.

तेव्हा मला तुमची ती यादी आठवली, बाबा. मी नववीत असताना रंकाळ्यावर तुम्ही एकदाच सांगितलं होतंत. पुढं कधी विचारायचं धाडस झालं नाही.

एरेरा कोच झाला. मोन्तेरेई क्लबला घेऊन दोनदा लीगची फायनल हरला. मग २०१३ची ती लीग फायनलची रात्र, मेक्सिको सिटीचं अस्तेका मैदान, धो धो पाऊस. त्याच्या क्लबचा (नाव ‘अमेरिका’, पण मेक्सिकोचाच) एक खेळाडू सुरुवातीलाच रेड कार्डवर बाहेर गेला आणि फायनलचे दोन्ही सामने मिळून संघ ०-२नं मागे पडला. शेवटच्या काही मिनिटांत एक गोल झाला, आणि ९० मिनिटांनंतरच्या इंज्युरी टाइममध्ये गोलकीपर मोइसेस मुन्योसनं पुढं येऊन हेडरनं दुसरा केला! पेनल्टीवर जिंकले. भिजून चिंब झालेला एरेरा कसा ओरडत होता, ते तुम्ही बघायलाच हवं.

त्याच वर्षी मेक्सिको वर्ल्ड कपला मुकतंय की काय अशी वेळ आली. काही आठवड्यांत तीन कोच झाले, चौथा हा. पात्रतेच्या शेवटच्या लढतीत न्यूझीलंडला दोन सामन्यांत मिळून ९-३नं हरवलं आणि २०१४ला तो ब्राझीलला गेला. यादीतून वगळलेला माणूस, २० वर्षांनी, सगळी यादी स्वतः करून! मागे पाच जण, मधोमध कॅप्टन राफा मार्केस. यजमान ब्राझीलला एकही गोल करू दिला नाही. नेदरलँड्सविरुद्ध ८८व्या मिनिटापर्यंत पुढे होते, मग बरोबरी, मग इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी, आणि हरले. ती पेनल्टी नव्हतीच, असं इथे अजून लोक कळवळून सांगतात.

पुढच्या वर्षी गोल्ड कप (उत्तर अमेरिकेकडच्या देशांची स्पर्धा) जिंकला आणि दोनच दिवसांत नोकरी गेली. विमानतळावर एका टीव्हीवाल्यावर हात उचलल्याचा आरोप होता. ते वाईटच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण क्लबांनी त्याला पुन्हा बोलावलं आणि तो गेला. २०१८ला पुन्हा लीग जिंकला.

तालमीतल्या पोरांना तुमचा सत्कार नकोय, बाबा. बॅकनं कुठं उभं राहायचं ते त्यांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं. गुडघा दुखला तर खुर्ची टाकून बसा.

आई, बाबांची शिट्टी माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत आहे, माझ्या शाळेच्या वह्यांखाली. काढून ठेव. रविवारी फोन करते.

तुमची लेक