ईपीएसचे दोन्ही आकडे सारखे, म्हणजे वाटेकरी वाढणार नाहीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अर्थविषयक पानावर एका खासगी बँकेच्या निकालाची बातमी वाचली. 'बेसिक आणि डायल्युटेड ईपीएस सारखाच असल्याने भागधारकांचा हिस्सा कमी होण्याची भीती नाही,' असे तीत म्हटले आहे. (ईपीएस म्हणजे एका शेअरमागचा नफा. बेसिक म्हणजे सध्याच्या शेअरवर काढलेला, डायल्युटेड म्हणजे पुढे वाढू शकणारे शेअरही धरून काढलेला.) भीती नाही हे म्हणणे चूक आहे, आणि असल्या वाक्यावर भरवसा ठेवून लोक पैसे गुंतवतात, म्हणून लिहितो.

ते कात्रण घेऊन आमच्या गल्लीतले एक शेतकरी घरी आले. सोयाबीनच्या पैशातून त्यांनी त्या बँकेचे थोडे शेअर घेतलेत. म्हणाले, "सर, दोन्ही आकडे एकच आहेत. म्हणजे आता वाटेकरी वाढत नाहीत ना?" त्यांच्या खिशातल्या आडतीच्या पट्टीमागेच मी हिशेब मांडला.

समजा, बँकेचे 100 कोटी शेअर आणि नफा 500 कोटी, म्हणजे ईपीएस 5 रुपये. अधिकाऱ्यांकडे 10 कोटी स्टॉक ऑप्शन आहेत, म्हणजे 150 रुपयांनी बँकेकडून नवे शेअर घेण्याचे हक्क. बाजारातला सरासरी भाव 120. ऑप्शन वापरले तर बँकेकडे 1500 कोटी येतील. डायल्युटेड ईपीएस काढताना त्या पैशात बाजारभावाने जेवढे शेअर येतात तेवढे वजा करतात. 120 च्या भावाने साडेबारा कोटी शेअर बसतात, दिले त्याहून जास्त! हे धरले तर ईपीएस उलट वाढून 5.13 दिसेल. अशा ऑप्शनना अँटी-डायल्युटिव्ह म्हणतात, आणि बँकांना लागू असलेल्या लेखा मानक 20 नुसार ते हिशेबातून वगळतात. म्हणून दोन्ही आकडे 5. तोट्याच्या वर्षीही असेच होते.

पण वगळले म्हणजे रद्द झाले नाहीत. भाव 200 झाला की त्याच 1500 कोटींत साडेसात कोटीच शेअर येतात, उरलेले अडीच कोटी आपल्या वाट्यात शिरतात आणि डायल्युटेड ईपीएस 4.88 वर येतो. शेतकरी पट्टीकडे बराच वेळ बघत बसले. "म्हणजे वाटेकरी दाराबाहेर उभेच आहेत की," म्हणाले. मला यापेक्षा नेमके सांगता आले नसते.

शिवाय भाव चढायचीही वाट बघावी लागत नाही. शेअर पडल्याने ऑप्शन बिनकामाचे झाले, तर त्यांची ठरलेली खरेदी किंमत खाली आणण्याची मुभा शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या 2021 च्या नियमांत आहे. मात्र त्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या निदान तिप्पट मते बाजूने हवीत. ई-व्होटिंगचा मेल उदगीरलाही येतो. पण आधी ठराव कशाचा आहे हे कळायला नको का?

आपल्याला विनंती आहे की त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. आणि बँकांचे वार्षिक अहवाल आले की ईपीएसच्या दोन आकड्यांशेजारी शिल्लक ऑप्शन किती आणि सरासरी किती रुपयांचे, एवढे दोन आकडे द्यावेत. अहवालाच्या टिपांमध्ये ते असतात. इंग्रजी अहवाल चाळणे आमच्याकडे सगळ्यांना जमत नाही, आपला अंक मात्र घरोघरी वाचला जातो.

– एक निवृत्त गणित शिक्षक, उदगीर (जि. लातूर)